दोन टक्क्यांची गोष्ट

गाडी कशी बनवायची हे कोणी ठरवायचं? बनवणाऱ्याने, विकत घेणाऱ्याने, की सरकारने?

अमेरिकेत हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आलाय. १२ जून २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एक सही केली आणि कॅलिफोर्निया राज्याचा एक नियम मोडीत काढला. २०३५ पासून राज्यात विकली जाणारी प्रत्येक नवी मोटार शून्य-उत्सर्जन, म्हणजे नळीतून धूर न सोडणारी असावी, असा तो नियम. (प्लग-इन हायब्रिड गाड्यांना थोडी सूट होती.) कॅलिफोर्निया त्याच दिवशी कोर्टात गेलं. आपल्याकडे ही बातमी 'ट्रम्प विरुद्ध इलेक्ट्रिक गाड्या' अशी आली आणि दोन दिवसांत विरूनही गेली.

पण हे भांडण ट्रम्प यांच्यापेक्षा बरंच जुनं आहे. ते पस्तीस वर्षं चाललंय. या काळात हा नियम तीन-चारदा मेला, तितक्याच वेळा जिवंत झाला. आणि त्यातला एक धागा बंगळुरूमार्गे आपल्या चाकणपर्यंत येऊन पोचतो. म्हणून सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सावकाश वाचा.

आधी धूर

जुलै १९४३. दुसरं महायुद्ध ऐन भरात. लॉस एंजेलिस शहरावर एक दिवस असा करडा पडदा उतरला की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे धरले, रस्त्यापलीकडच्या इमारती दिसेनाशा झाल्या. जपानने विषारी वायू सोडला, अशी हाकाटी झाली. नंतर संशय शहरातल्या एका कृत्रिम रबराच्या कारखान्यावर गेला. कारखाना काही काळ बंद केला. धुरकं जैसे थे. मग रिफायनऱ्यांवर बोट ठेवलं, मग घरामागे कचरा जाळायच्या भट्ट्यांवर. प्रत्येकात थोडं तथ्य होतं, पण खरा चोर सापडत नव्हता.

तो सापडवला एका वनस्पती-रसायनशास्त्रज्ञाने. आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच, कॅलटेक संस्थेत प्राध्यापक. त्यांचा विषय काय, तर अननसाचा वास कशाने येतो! त्याच उपकरणांनी त्यांनी शहरातली हवा तपासली. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी दाखवून दिलं की मोटारींच्या नळीतून निघणारी न जळलेली इंधनाची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांच्यावर ऊन पडलं की हवेत ओझोन तयार होतो. म्हणजे धुरकं कारखान्यातून आयतं येत नव्हतं, ते शहराच्या डोक्यावर शिजत होतं. लॉस एंजेलिसचा भूगोलही असा की तीन बाजूंना डोंगर आणि वर उबदार हवेचं झाकण. शिजवायला बंद पातेलंच.

तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनातून हागेन-स्मिट यांना खोटं पाडायचा प्रयत्न झाला. ते मागे हटले नाहीत. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवेचं नियमन करणारं एक स्वतंत्र मंडळ स्थापन झालं, 'एअर रिसोर्सेस बोर्ड'. त्या कायद्यावर सही कोणाची? रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. आणि मंडळाचे पहिले अध्यक्ष कोण? अननसवाले हागेन-स्मिट.

त्याच वर्षी वॉशिंग्टनने एक कायदा केला. मोटारींच्या धुराचे नियम केंद्र करेल, राज्यांनी आपापले करायचे नाहीत. अपवाद एकच: कॅलिफोर्निया. कारण त्यांचे नियम केंद्राच्या आधीपासून होते आणि त्यांची हवाही सगळ्यांत वाईट होती. फक्त प्रत्येक नियमासाठी केंद्राची खास परवानगी घ्यायची. १९७७ मध्ये बाकीच्या राज्यांनाही मुभा मिळाली: हवं तर कॅलिफोर्नियाचा नियम जसाच्या तसा उचला, पण तिसराच काढू नका. हे कलम लक्षात ठेवा. सगळं महाभारत त्याच्यावरून आहे.

'जमणार नाही'ची परंपरा

कंपन्यांची बाजू ऐकण्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली: जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मोठ्या मोटार कंपन्यांवर खटला भरला. आरोप असा की धूर कमी करणारी उपकरणं कोणीही एकट्याने पुढे आणायची नाहीत, असं या कंपन्यांनी वर्षानुवर्षं आपसात ठरवून ठेवलं होतं. त्याच वर्षी तडजोड झाली. कंपन्यांनी गुन्हा कबूल केला नाही, पण यापुढे असं संगनमत करणार नाही असं लिहून दिलं.

दुसरी: १९७० च्या केंद्रीय कायद्याने मोटारींचा धूर काही वर्षांत ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं, तेव्हा डेट्रॉइटने हात वर केले. म्हणाले, असं तंत्रज्ञानच नाही, उद्योग बुडेल. मुदतवाढ मिळाली, पण १९७५ च्या मॉडेलांपासून बहुतेक गाड्यांच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला. तिकडे होंडाने तर तो न बसवताच, नुसत्या इंजिनाची रचना बदलून मानक गाठून दाखवलं. उद्योग बुडाला नाही.

त्यामुळे सॅक्रॅमेंटोमध्ये, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, बसलेल्या अधिकाऱ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. कंपनी 'जमणार नाही' म्हणते तेव्हा बऱ्याचदा तिला 'परवडणार नाही' किंवा 'आत्ता नको' म्हणायचं असतं.

१९९०: कंपनीनेच हातात दिलेली काठी

जानेवारी १९९०. लॉस एंजेलिसच्या मोटार प्रदर्शनात जनरल मोटर्सने एक चंदेरी, थेंबाच्या आकाराची इलेक्ट्रिक गाडी मांडली. नाव 'इम्पॅक्ट'. तिच्यामागे एअरोव्हायरनमेंट ही छोटी कॅलिफोर्नियन कंपनी होती. याच लोकांनी जीएमसाठी बनवलेल्या 'सनरेसर' या सौर गाडीने १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातली शर्यत जिंकली होती. इम्पॅक्टचं इलेक्ट्रॉनिक्स ॲलन कोकोनी नावाच्या इंजिनिअरने केलं होतं. हे नाव पुढे पुन्हा येईल. एप्रिलमध्ये जीएमचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी जाहीर केलं की ही गाडी आम्ही उत्पादनात आणणार.

एअर बोर्डाने ते ऐकलं. सप्टेंबर १९९० मध्ये नियम आला. राज्यात सगळ्यांत जास्त गाड्या विकणाऱ्या सात कंपन्यांनी (जीएम, फोर्ड, क्रायस्लर, टोयोटा, निस्सान, होंडा, माझदा) १९९८ पासून आपल्या विक्रीच्या २ टक्के गाड्या शून्य-उत्सर्जन विकायच्या. २००१ पासून ५ टक्के, २००३ पासून १० टक्के. कमी पडल्या तर गाडीमागे ५,००० डॉलर दंड.

यातला फरक बघा. तोवरचे नियम असे होते की धूर इतका कमी करा, कसा ते तुमचं तुम्ही बघा. हा नियम सांगत होता की अमुक प्रकारची गाडी *विका*. विकत घ्यायची सक्ती ग्राहकावर नव्हती, विकायची सक्ती कंपनीवर होती. ग्राहक आलाच नाही तर? तर किंमत उतरवा, जाहिरात करा, चांगली गाडी बनवा. ती जबाबदारी तुमची. याच मुद्द्यावर पस्तीस वर्षं भांडण चाललंय. आणि कंपन्यांची तक्रार अगदीच पोकळ नाही, हेही मान्य करायला हवं. दुकानदाराला 'हा माल ठेव' सांगणं वेगळं आणि 'हा माल खपलाच पाहिजे' सांगणं वेगळं.

मुदत आली आणि गेली

१९९५ मध्ये बोर्डाने स्वतःच बॅटरी-तज्ज्ञांची समिती नेमली. तिने सांगितलं की १९९८ पर्यंत चांगल्या बॅटऱ्या पुरेशा संख्येने आणि परवडणाऱ्या दरात मिळणं कठीण आहे. ते खरंच होतं. बाजारात होत्या त्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, म्हणजे आपल्या इन्व्हर्टरला असतात त्याच जातीच्या. जड, आणि एका चार्जमध्ये जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर.

मार्च १९९६ मध्ये बोर्डाने १९९८ ते २००२ ची सगळी अट काढून टाकली. २००३ ची १० टक्क्यांची ठेवली. बदल्यात सात कंपन्यांशी करार केला, की प्रयोग म्हणून काही हजार गाड्या रस्त्यावर आणा.

आल्या. जीएमची ईव्ही-१ डिसेंबर १९९६ मध्ये आली. होंडाची ईव्ही प्लस, टोयोटाची रॅव्ह-४ ईव्ही, फोर्डचा रेंजर, निस्सानची अल्ट्रा अशा एकेक करत बाकीच्याही आल्या. पण ईव्ही-१ विकत मिळत नव्हती, फक्त भाडेकरारावर. म्हणजे गाडीची मालकी कायम कंपनीकडे. एकूण १,११७ गाड्या बनल्या आणि १९९९ मध्ये उत्पादन थांबलं. दुसऱ्या पिढीच्या ईव्ही-१ ला निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी मिळाली होती, तिच्यावर गाडी दीडशे-दोनशे किलोमीटर जायची. चालवणारे लोक तिच्या प्रेमात होते. कंपनी म्हणत होती, असे लोक मूठभर आहेत, आमचे शेकडो कोटी बुडाले. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असावेत.

आता पळवाटांचा अध्याय. २००३ ची १० टक्क्यांची अट जवळ येत गेली तशी ती दरवेळी थोडी सैल होत गेली. अतिशय स्वच्छ पेट्रोल गाडी विकली तरी थोडं श्रेय, हायब्रिडला थोडं जास्त. एका कंपनीला गोल्फच्या मैदानावर फिरतात तसल्या छोट्या, मंद इलेक्ट्रिक गाड्या स्वस्तात सापडल्या. डेमलर-क्रायस्लरने २००० च्या अखेरीस असल्या गाड्या बनवणारी कंपनीच विकत घेतली आणि हजारोंनी त्या बाजारात सोडल्या. श्रेय मिळालं, हवेचं फारसं काही झालं नाही. सरकारी नियमात भोक असेल तर ते सगळ्यांत आधी कंपनीच्या वकिलाला दिसतं. हे अमेरिकेतही तसंच आणि आपल्याकडेही.

मात्र एक गंमत सांगतो. त्या 'अतिशय स्वच्छ पेट्रोल गाडी'च्या पळवाटेने खरंच फायदा झाला. श्रेय मिळवायचं तर धूर-नियंत्रणाची दीड लाख मैलांची हमी द्यावी लागायची. कंपन्यांनी दिली. एकेकाळी ज्याला अशक्य म्हटलं जात होतं इतकं स्वच्छ इंजिन लाखोंनी विकलं गेलं. इलेक्ट्रिकच्या सक्तीतून सुटण्यासाठी पेट्रोल सुधारलं!

चुराडा

२००१ मध्ये बोर्डाने नियम पुन्हा दुरुस्त केला. जीएम, डेमलर-क्रायस्लर आणि काही विक्रेते कोर्टात गेले. जून २००२ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी अंमलबजावणीला तात्पुरती स्थगिती दिली. मुद्दा तांत्रिक होता: हायब्रिडला श्रेय देताना नियम मायलेजला हात घालतो, आणि मायलेज हा केंद्राचा विषय. त्या वर्षी बुश सरकारनेही कंपन्यांच्या बाजूने कोर्टात म्हणणं मांडलं.

एप्रिल २००३ मध्ये बोर्ड नमलं. बॅटरीच्या गाड्यांऐवजी दुसरा रस्ता खुला केला. २००८ पर्यंत सगळ्यांनी मिळून हायड्रोजनवर चालणाऱ्या अडीचशे गाड्या आणल्या तरी चालेल. दहा टक्क्यांवरून थेट अडीचशे नगांवर! मोटारवाल्यांनी दावे मागे घेतले.

आणि मग ईव्ही-१ परत मागवल्या गेल्या. भाडेकरार संपले, नूतनीकरण नाही. लोकांनी विनवण्या केल्या की आम्हाला विका, दुरुस्तीची हमी नको, सुटे भाग नकोत. कंपनीने नकार दिला. २००५ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसजवळ बर्बँक इथे जीएमच्या आवारात शेवटच्या अठ्ठ्याहत्तर गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या जुन्या चालकांनी कुंपणाबाहेर दिवसरात्र पहारा दिला. तरी गाड्या गेल्या. ॲरिझोनात त्या चिरडल्या गेल्याची छायाचित्रं नंतर जगाने पाहिली. काही थोड्या निकामी करून विद्यापीठांना आणि संग्रहालयांना दिल्या.

चांगल्या चालत्या गाड्या, ज्या घ्यायला माणसं पैसे घेऊन उभी आहेत, त्या कोणी का चिरडेल? सुटे भाग आणि कायदेशीर जबाबदारी, हे कंपनीचं उत्तर. ते खोटं नाही. पण 'कोणाला नकोच होत्या' या दाव्याचा पुरावा रस्त्यावर फिरत राहिला असता तर पुढच्या सुनावणीत तो अडचणीचा ठरला असता, हेही खोटं नाही. २००६ मध्ये जीएमचे प्रमुख रिक वॅगनर यांना एका मोटार मासिकाने विचारलं की तुमचा सगळ्यांत वाईट निर्णय कोणता. त्यांनी ईव्ही-१ बंद करणं आणि हायब्रिडकडे दुर्लक्ष करणं, हेच सांगितलं. तीन वर्षांनी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ईव्ही-१ हे काही तिचं कारण नव्हतं. पण पुढच्या तंत्रज्ञानात सगळ्यांच्या आधी असलेली कंपनी स्वतःच्या पायाने मागे गेली, एवढं खरं.

विझलेल्या चुलीतले निखारे

इथपर्यंतची गोष्ट ऐकून कोणीही म्हणेल, की सरकारी नियम सपशेल फसला. कागदावर पाहिलं तर तसंच आहे. १९९८ ची मुदत गेली, २००३ ची गेली.

पण निखारे कुठे कुठे गेले ते बघा.

एक निखारा ॲलन कोकोनी यांचा. इम्पॅक्टचं इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या या इंजिनिअरने स्वतःची छोटी कंपनी काढून 'टी-झीरो' नावाची इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार बनवली. नंतर तिच्यात लॅपटॉपमध्ये असतात तसले लिथियम-आयन सेल बसवले. ती पाहून मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग या दोघांनी जुलै २००३ मध्ये कंपनी काढली. नाव टेस्ला. एलॉन मस्क नंतर आले. म्हणजे बोर्ड नमलं त्याच वर्षी, ईव्ही-१ परत मागवल्या जात असतानाच, टेस्ला जन्मली.

२०१० मध्ये टेस्लाने कारखाना कुठला घेतला? फ्रीमाँटचा. जीएम आणि टोयोटा तो मिळून चालवत होते आणि नुकताच बंद पडला होता.

नियम मेलेला नव्हताच. त्यातली एक तरतूद, जिच्याकडे सुरुवातीला फारसं कोणी पाहिलं नव्हतं, ती टेस्लाच्या कामी आली. ज्या कंपनीने कोट्यापेक्षा जास्त शून्य-उत्सर्जन गाड्या विकल्या, तिला जादा श्रेयगुण विकता येत. ज्या कंपनीने कमी विकल्या, तिने ते विकत घ्यायचे. टेस्ला बनवतेच इलेक्ट्रिक, म्हणजे तिच्याकडे सगळेच गुण जादा. २०१३ च्या पहिल्या तिमाहीत टेस्लाला आयुष्यातला पहिला नफा झाला, १ कोटी १२ लाख डॉलर. त्याच तिमाहीत या श्रेयगुणांच्या विक्रीतून आलेले पैसे होते जवळपास ६ कोटी ८० लाख डॉलर. २०२० मध्ये, पूर्ण वर्षाचा पहिला नफा ७० कोटींच्या वर, आणि अमेरिकेसह ठिकठिकाणच्या नियमांखालचे गुण विकून आलेली रक्कम १५८ कोटी डॉलर. सरळ हिशेब आहे. ज्या स्पर्धकांनी इलेक्ट्रिक गाडी बनवायचं टाळलं, त्यांनी ती बनवणाऱ्याला पोसलं. सरकारने फक्त नळ जोडला.

'सरकारने बाजारात नाक खुपसू नये' असं मस्क म्हणतात तेव्हा हा ताळेबंद शेजारी ठेवून ऐकावं.

दुसरा निखारा चीनमध्ये गेला. चिनी अधिकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या नियमाचा बारकाईने अभ्यास केला आणि २०१७ मध्ये स्वतःची श्रेयगुण पद्धत जाहीर केली. २०१९ साठी १० टक्के, २०२० साठी १२ टक्के. आकडे विक्रीचे नव्हेत, गुणांचे, पण कल्पना तीच. फरक एवढाच की तिथे दर दोन वर्षांनी कोणी कोर्टात जाऊन मुदत पुढे ढकलून आणत नव्हतं. शिवाय अनुदानं, बॅटरीचे कारखाने, खनिजांची साखळी, सगळं एकत्र उभं राहिलं. २०२४ च्या मध्यापासून चीनमध्ये महिन्याला विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक इलेक्ट्रिक किंवा प्लग-इन असायला लागल्या. लिथियम-आयन बॅटरीचा दर २०१० पासून नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरला. त्यात या सक्तीने तयार झालेल्या मागणीचा मोठा हात आहे.

आणि एक निखारा आपल्याकडे

१९९० चा नियम आल्यावर कॅलिफोर्नियात बऱ्याच छोट्या कंपन्या निघाल्या. मोठ्या कंपन्यांना १९९८ ला इलेक्ट्रिक गाड्या लागणार, तर सुटे भाग आणि तंत्रज्ञान आपण पुरवू, असं त्यामागचं गणित. त्यातली एक अमेरिगॉन. तिथे एक भारतीय तरुण काम करत होता, चेतन मैनी. मिशिगन विद्यापीठात असताना सौर गाडीच्या संघात होता. त्या संघाने १९९० ची अमेरिकेतली सौर शर्यत जिंकली होती, आणि शर्यतीची प्रायोजक होती जनरल मोटर्स!

१९९४ मध्ये बंगळुरूचा मैनी समूह आणि अमेरिगॉन यांनी मिळून 'रेवा' कंपनी काढली. २००१ मध्ये ती इवलीशी गाडी बंगळुरूच्या रस्त्यावर आली. आपल्याकडे लोक तिला हसले. लंडनमध्ये मात्र शहरात शिरायचा गर्दी-कर तिला माफ होता, म्हणून ती 'जी-विझ' नावाने बरी खपली. पुन्हा तेच: गाडी तीच, नियम वेगळा, बाजार वेगळा.

२०१० मध्ये मुंबईच्या महिंद्राने रेवात बहुमताचा वाटा घेतला. तिथून महिंद्राचा इलेक्ट्रिक गाड्यांचा विभाग उभा राहिला. आज चाकणला बीई-६ आणि एक्सईव्ही-९ई बनतात. त्यांत रेवाचा एक नटबोल्टही नसेल, तंत्रज्ञान पूर्ण नवं आहे. पण महिंद्राचा इलेक्ट्रिक गाड्यांचा विभाग उभा राहिला तो सॅक्रॅमेंटोमधल्या एका मुदतीमुळे सुरू झालेल्या कामावर. आणि चाकणच्या त्या गाड्यांमधले बॅटरीचे सेल? चीनच्या बीवायडीचे. ज्या देशाने नियम टिकवला, त्याच्याकडे सेल आहेत. बाकीचे विकत घेतात.

भारतात अशी विक्रीची सक्ती नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये नितीन गडकरी यांनी वाहन कंपन्यांच्या व्यासपीठावरच ठणकावलं होतं की पर्यायी इंधनाकडे वळा, नाहीतर आवडो न आवडो, मी बुलडोझर चालवेन. काही महिन्यांतच सरकारने सांगितलं की वेगळ्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाची गरज नाही. त्यानंतर आपला भर अनुदान, करसवलत आणि कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी मायलेजचा नियम, यांवर आहे. गाजर आहे, छडी पातळ आहे.

मग नियम हवा की नको?

कॅलिफोर्नियाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांत कडक रूप आणलं: २०२६ ला ३५ टक्के, २०३० ला ६८, २०३५ ला १००. आठवड्याभरात उष्णतेची लाट आली आणि राज्याच्या वीजयंत्रणेने लोकांना सांगितलं, की संध्याकाळी चार ते नऊ गाड्या चार्ज करू नका. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने गाडी कुठे चार्ज करायची, कमी पगाराच्या माणसाला नवी गाडी परवडते का, हे प्रश्नही खरे आहेत. २०२४ मध्ये राज्यात विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत चारातली एक शून्य-उत्सर्जन होती. देशात हा आकडा सगळ्यांत वरचा, पण २०२६ च्या ३५ टक्क्यांपासून लांब. कंपन्यांची 'जमणार नाही' ही ओरड यावेळी निव्वळ कांगावा होती असं मी म्हणणार नाही.

पण २०२५ मध्ये वॉशिंग्टनने जे केलं ते वेगळं आहे. टक्के कमी केले असते, मुदत वाढवली असती, तर ते १९९६ सारखं झालं असतं. इथे संसदेने ठराव करून या नियमाला मिळालेली ती खास परवानगीच खेचून घेतली. संसदेच्याच तज्ज्ञ अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं की ही पद्धत इथे लागू होत नाही. सिनेटने ५१ विरुद्ध ४४ ने ते बाजूला सारलं. ज्या कायद्याने अननसवाल्या प्राध्यापकाच्या शोधाला दात दिले, तो कायदाच आता कोर्टात उभा आहे. राज्यांच्या हक्काचा झेंडा घेऊन फिरणाऱ्या पक्षाने हे केलं, ही आणखी एक गंमत.

पस्तीस वर्षांचा हा इतिहास वाचून 'सरकारने आकडा ठरवला की तंत्रज्ञान धावत येतं' असा निष्कर्ष कोणी काढू नये. १९९८ ला ते आलं नाही. पण उलटा निष्कर्षही चुकीचा आहे. बोर्डाला तारखेचा अंदाज चुकला, दिशेचा नाही. आणि दरवेळी माघार घेतली तेव्हा नुकसान सर्वांत जास्त कोणाचं झालं? नियम टाळणाऱ्यांचं नाही. ज्यांनी सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे, वर्षं आणि डोकं गुंतवलं होतं, त्या छोट्या कंपन्यांचं, बॅटरी बनवणाऱ्यांचं, त्या ईव्ही-१ च्या चालकांचं. काम मात्र थांबलं नाही. ते फक्त दुसऱ्याच्या अंगणात गेलं. शांघायला गेलं, शेन्झेनला गेलं, थोडंसं बंगळुरूला आलं.

डेट्रॉइट आज चिनी गाड्यांपासून वाचण्यासाठी १०० टक्के आयातकराच्या भिंतीमागे उभं आहे. जिथे ही गाडी पहिल्यांदा नीट बनली, तो हाच देश.

म्हणून पुढच्या वेळी आपल्याकडे कोणी उद्योगपती किंवा मंत्री म्हणाले, की तंत्रज्ञान अजून तयार नाही, तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच हसूही नका. दोन प्रश्न विचारा. ते तयार करणं कोणाच्या हातात होतं? आणि मागच्या दहा वर्षांत त्याने त्यासाठी काय केलं?